आमच्यात हाक मारत नाहीत

मी ‘थांबा’ म्हणाले ते एकदाच म्हणाले, आणि मुद्दाम एकदाच. आवाज चढवला नाही, दोन पावलं पुढं जाऊन खांद्याला हात लावला नाही. यांनी मागं न बघता ‘हं’ केलं आणि चालत राहिले. माझ्या सँडलच्या आरपार बाभळीचा काटा टाचेत शिरला होता. मी खडकाला टेकून बसले, सँडल काढली आणि काटा उकरायला लागले. मनात म्हटलं, सगळं ऐकू येतं ना, मग थांबतील.

हे म्हणजे माझा नवरा. आम्ही मूळचे खानदेशातले, राहायला सुरतेत गोडादऱ्याला. हे लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कारीगर, मी घरी साड्यांना लेस लावते. मुलगा कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. होळीला खाती बंद पडतात आणि सगळी वस्ती गावी जाते. आम्ही चार वर्षांपासून गावी न जाता कच्छला जातो, मुलाच्या खोलीवर उतरतो आणि त्याची मोटारसायकल घेऊन डोंगर हिंडतो. नणंदांना वाटतं मुलासाठी जातो. मुलगा दिवसभर कामावर असतो, हे त्यांना कोण सांगणार.

लोक जिथं गाड्या भरभरून जातात त्या डोंगरावर आम्ही एकदाच गेलो. तिथं उंटावर बसून फोटो काढायची रांग होती. त्यानंतर आम्ही आपले रस्ते शोधायला लागलो. पवनचक्कीसाठी केलेला कच्चा रस्ता जिथं संपतो तिथं गाडी लावायची आणि गुरांच्या वाटेनं चालायचं. काळे-तांबडे दगड, वेडी बाभळ, मधेच एखाद्या दगडात शिंपल्याचा ठसा. कधीकाळी इथं समुद्र होता म्हणे. असे सात दगड आमच्या गोडादऱ्याच्या खिडकीत ठेवलेले आहेत.

तर काटा निघाला, पण टोक आत राहिलं. सेफ्टीपिनेनं ते काढेपर्यंत चांगली दहा मिनिटं गेली असतील. मी उठून पुढं आले. वाटेला तिथं दोन फाटे फुटत होते. उजवीकडची वाट वर खिंडीकडे चढत होती, डावीकडची उतरून कोरड्या ओढ्यात शिरत होती. दोन्हीकडे कुणी नव्हतं.

मला काळजी वाटली नाही, राग आला. त्या रागाचं कारण आदल्या संध्याकाळचं होतं. जेवताना मुलानं गोष्ट काढली होती. त्यानं भूजला कानाच्या डॉक्टरकडे विचारून ठेवलं होतं. तो आता अर्धा गुजरातीच बोलतो. म्हणाला, “पप्पा, खाली चेक तो करावी लो.” म्हणजे नुसतं तपासून तरी घ्या. हे भाकरी मोडत राहिले. त्यानं तेच पुन्हा समोर जाऊन सांगितलं, तेव्हा यांनी ताट बाजूला सारलं.

“माले समदं आयकू येस. मी काय बहिरा शे का?”

मुलानं विषय सोडला. मी नाही सोडला. मी म्हटलं, घरात कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं, दाराची बेल कुणाला ऐकू येत नाही, सगळं सांगू का. यांनी माझ्याकडे पाठ केली. पाठ केली की भांडण संपलं, कारण पाठीमागून बोललेलं यांना पोहोचतच नाही. हे मला माहीत आणि यांनाही माहीत.

सत्तावीस वर्षं लूमच्या धडधडाटात उभं राहिलेल्या माणसाचे कान कसे असणार. खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोगच नसतो. माणसापर्यंत चालत जायचं, खांद्याला हात लावायचा, मग ओठ बघून बोलणं ओळखायचं. लूम दुरुस्त करणारा मास्तर लांब असला तर त्याच्या अंगावर बॅटरी मारायची. उजेड डोळ्यावर आला की तो वळून बघतो. हीच रीत आमच्या घरात आली. हे आतल्या खोलीत असले आणि जेवायला बोलवायचं असलं, की मी बटण दोनदा खाली-वर करते. दिवा लुकलुकला की हे येतात. गाडीवर मी मागं बसले की यांच्या पाठीवर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. इतकं सगळं जमवून घेतलं होतं, फक्त त्याला बहिरेपण म्हणायचं नव्हतं. चांगला कारीगर लूमच्या आवाजावरून ओळखतो की आता काहीतरी बिघडणार, आणि हे चांगले कारीगर म्हणून खात्यात नाव होतं. मला मात्र माहीत होतं की गेली कित्येक वर्षं हे लूमच्या लोखंडाला तळहात लावून ओळखतात.

म्हणून त्या सकाळी मी ठरवलं होतं, आज कानानं ऐकणाऱ्या माणसाशी बोलावं तसंच बोलायचं. खांद्याला हात नाही, पुन्हा पुन्हा सांगणं नाही. एकदा ‘थांबा’ म्हणायचं आणि बस.

मी फाट्यावर उभी राहिले. येतील परत, आपण मागं नाही हे कळलं की येतील. ऊन चढत होतं. मी पिशवीतली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायले, आणि बाटली परत ठेवताना माझा हात डब्याला लागला. भाकरीचा डबा. मग गुळाची पुडी. मग दुसरी बाटली.

सगळं माझ्याजवळ होतं.

यांना साखरेचा त्रास आहे. सकाळी सातला खोलीवर गोळी घेतली होती. आठपर्यंत पोटात काहीतरी जायला पाहिजे, नाहीतर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं जड होतं. एकदा गोडादऱ्यात जिन्यावरच बसकण मारली होती आणि मलाच विचारत होते की तू कोण. त्या दिवशी घरात साखर होती, शेजारी माणसं होती. आज खिंडीत बसून खाऊ म्हणून आम्ही उपाशीच निघालो होतो आणि घड्याळात नऊ वाजायला आले होते. पाण्याचा एक थेंब यांच्याजवळ नव्हता. मोबाइल होता, पण तिथं रेंज नव्हती. असती तरी घंटी कुणी ऐकली असती.

राग कुठल्या कुठं गेला, आणि जाताना माझ्यावरच उलटला.

खिंडीत जायचं ठरलं होतं, म्हणून मी वरची वाट धरली. जमीन सगळी दगडाची, पावलाचा ठसा उमटायचा नाही. टाच दुखत होती. मी जवळजवळ पळतच चढले. खिंडीत पोहोचले तर पलीकडे मोकळं. खाली उतरत गेलेले काळे दगड, त्यापलीकडे सपाट जमीन आणि तिच्याही पलीकडे रणाची पांढरी पट्टी. माणूस नाही, गुरं नाहीत. यांचा निळा शर्ट कुठं दिसतोय का म्हणून मी डोळे ताणताणून बघितलं. मागं वळले तर खाली आमची गाडी तेवढी चमकत होती.

मी हाक मारली, “ओऽ, आयका का!”

आमच्यात नवऱ्याला अशीच हाक मारतात. नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही इतकं हळू की वऱ्हाडातल्या बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं होतं. तेव्हा यांना ऐकू येत होतं.

‘आयका का’ समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं. मी पुन्हा ओरडले. ते पुन्हा परत आलं. दहाव्या की बाराव्या हाकेला मला स्वतःचीच चीड आली. त्या उजाड रानात मी कुणाला बोलवतेय ते कुणालाच कळणार नव्हतं. ‘ओ’ म्हणजे कोण? बाई भांडतेय की शेळ्या हाकतेय, ऐकणाऱ्याला काय वाटावं? आणि ज्याला बोलवायचं त्याला तर काहीच ऐकू येणार नव्हतं, हे आदल्या रात्री मीच त्याला तोंडावर सांगितलं होतं.

मग मी नाव घेतलं.

पहिल्यांदा घशातून नीट निघालंच नाही. दुसऱ्यांदा निघालं. मग मी थांबलेच नाही. उभी राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, यांचं नाव मी त्या डोंगरांना ओरडून ओरडून सांगितलं. इथं ते लिहीत नाही. लिहायला हात वळत नाही. पण त्या दिवशी एकदाही लाज वाटली नाही, हे खरं आहे. भीती इतकी होती की लाजेला जागाच उरली नव्हती.

कुणीतरी आलं, पण हे नव्हेत. खिंडीच्या बगलेतून काठी घेतलेला एक म्हातारा गुराखी वर आला. पांढरं मुंडासं, मागं पाचसहा शेळ्या. मला बघून लांबच उभा राहिला आणि म्हणाला, “बेन, कोने बोलावो छो? घरवाळाने?”

मी मान हलवली, हो, नवऱ्यालाच. रडू आवरत, तोडक्यामोडक्या गुजरातीत सांगितलं की साखरेचा आजार आहे, उपाशी आहेत, ऐकू येत नाही. ‘ऐकू येत नाही’ हे परक्या माणसाला मी पहिल्यांदा सांगत होते. त्यानं वर कुणाला पाहिलं नव्हतं. काठीनं खालच्या ओढ्याकडे दाखवत तो म्हणाला, “वहेळामां गया हशे. आगळ भेखड छे.”

पुढं कडा आहे. मी डोळे मिटले तर मला निळा शर्ट कड्याखाली पडलेला दिसला. मी लगेच उघडले.

ओढा खिंडीतून दिसत होता, पण वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी बाभळीनं भरलेला. कुठल्या वळणाला शोधायचं? खाली उतरून एकेक वळण धुंडायचं तर दुपार झाली असती. म्हातारा हाताची सावली करून बघत होता. त्याची नजर चांगली होती, पण बाभळीखाली बसलेला माणूस नजरेला कसा दिसणार. त्या माणसानं हलायला तरी पाहिजे.

मला एकदम आमच्या स्वयंपाकघरातलं बटण आठवलं.

मी डबा काढला, स्टीलचं झाकण उघडलं आणि पदरानं पुसलं. सूर्य माझ्या डाव्या खांद्यावर होता. झाकण तिरकं केलं तसा उजेडाचा एक गोल समोरच्या उतारावर पडला. तो मी हळूहळू खाली ओढ्यात आणला, एका बाभळीवर धरला आणि दोनदा झाकून उघडला. मग पुढच्या बाभळीवर. पुन्हा दोनदा. घरात जेवायला बोलवते तसंच. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. बाईचं डोकं फिरलं असंच त्याला वाटलं असणार, पण तो काठी टेकून ओढ्याकडे नजर लावून उभा राहिला.

किती बाभळी झाल्या कुणास ठाऊक. मी नाव घ्यायचं थांबले नव्हते, आता पुटपुटत होते. मधेच ऊन ढगाआड गेल्यासारखं झालं, पण लगेच परत पडलं. गोल दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचला होता. मी दोनदा झाकलं, उघडलं.

“त्यां,” म्हातारा म्हणाला.

मला काही दिसत नव्हतं. त्यानं माझा हात धरून नेमकी जागा दाखवली. एका मोठ्या खडकाच्या सावलीतून काहीतरी निळं बाहेर आलं होतं. उभं नव्हतं, रांगत होतं. उजेडाच्या दिशेनं येत होतं.

उतार आम्ही कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. म्हातारा शेळ्यांना तिथंच सोडून माझ्यापुढं उतरला. मी दोनदा घसरले, हाताला खरचटलं. हे ओढ्याच्या कोरड्या वाळूत बसले होते. अंगावरचा शर्ट घामानं भिजून काळपट दिसत होता, ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेनं म्हणाले, “तू कोठे गयथी?”

मला ओळखलं होतं. मी गुळाचा खडा तोंडात कोंबला, दुसरा कोंबला, पाणी पाजलं. यांचे दात माझ्या बोटाला लागले, पण मी हात काढला नाही. म्हाताऱ्यानं मुंडासं सोडून यांच्या डोक्यावर सावली धरली. यांच्या हाताची थरथर कमी होते का, एवढंच मी बघत होते. हळूहळू ती कमी झाली. मग मी भाकरीचा तुकडा हातात दिला आणि यांनी तो स्वतःच्या हातानं खाल्ला. खिंड सोडून ओढ्यात का उतरलो ते यांना नंतरही आठवलं नाही. पुढच्या वळणावर कडा होता. चालत आले त्या वाटेनं आणखी थोडं गेले असते तर काय झालं असतं ते मी यांना आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या भाकरीला यांना ठसका लागला. म्हातारा पुढं झुकला, बाटली धरली आणि यांच्या तोंडाकडे बघत, नावापुढं ‘भाई’ लावून म्हणाला, “धीमे धीमे पीओ.”

हे घोट घेता घेता थांबले. ओठ वाचण्यात हे पक्के आहेत. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“येले मन्हं नाव कोनी सांगं?”

मी वाळूकडे बघितलं. म्हाताऱ्याला अहिराणी कळली नसावी, पण प्रश्न कळला. तो काठीनं समोरचा डोंगर दाखवून म्हणाला, “आखो डुंगर जाणे छे, भाई.”

हे बराच वेळ डोंगराकडे बघत बसले. मी कुठं उभी होते ती खिंड इथून दिसत होती. फार लांब नव्हती. ऐकणाऱ्या माणसाला तिथली हाक इथं सहज ऐकू आली असती, हे यांच्या लक्षात आलं असणार, कारण चेहरा हळूहळू उतरत गेला. आदल्या रात्रीचा ताठा त्यात कुठं दिसला नाही. मला त्यात जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. तो चेहरा परत पहिल्यासारखा व्हावा असंच वाटत होतं.

“कितला डाव?” यांनी विचारलं. म्हणजे किती वेळा.

मी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

“माले नही आयकू उनं,” हे म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मग म्हणाले, “एक डाव मन्हा समोर म्हन.”

माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. मी तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. इतक्या लांबच्या डोंगराला सांगितलेलं नाव वीतभर अंतरावरच्या माणसाला सांगता येईना. म्हाताऱ्यानं आमची अडचण ओळखली असावी. तो शेळ्यांकडे बघत उठला आणि गाडीपर्यंत आमच्या पुढं चालत आला. खाली पोहोचल्यावर मी त्याला उरलेल्या भाकऱ्या दिल्या. गूळ मात्र त्यानं घेतला नाही, यांच्याकडे बोट दाखवलं.

गाडी मी मागं बसून नेहमीसारखी थापांवर चालवून घेतली. पक्क्या रस्त्याला लागल्यावर फाटा आला. डावीकडे मुलाची खोली, उजवीकडे भूज. यांनी गाडी थांबवली, पाय टेकवले आणि मान वळवून माझ्या ओठांकडे बघितलं. मी म्हटलं, आज नको, आज आराम करा, उद्या जाऊ. यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून गेलो. मुलानं रजा काढली.

मशीन आता दोन्ही कानांत आहे. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तेव्हा हे दचकून उभे राहिले. शेजारच्या खात्याचा आवाज भिंतीतून आला तेव्हा मशीन काढून हातात धरून बसले आणि म्हणाले, एवढा आवाज रोज होता? मी बटण खाली-वर करायचं सोडलेलं नाही. हात आपोआप जातो.

दिवाळीला आम्ही परत गेलो. वाट नवी होती, डोंगर दुसरा. हे नेहमीसारखे पुढं होते, मी मागं. पिशवी या वेळी यांच्या खांद्यावर होती, हा नियम मी घातला आहे. उतारावर आमच्यात वीसेक पावलांचं अंतर पडलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी नाव घेतलं. ओरडून नाही, उखाण्यात घेतलं होतं तेवढ्याच आवाजात.

“हं,” हे म्हणाले, आणि थांबले.

मला काही नको होतं. काटाबिटा काही लागला नव्हता. तरी मी पोहोचेपर्यंत हे मागं वळून उभे होते.